एका वर्षाच्या दोन गदा

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. मार्च संपायच्या आत त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळकेही महाराष्ट्र केसरी झाला. दोघांनी घाम गाळला, दोघांच्या खांद्यावर गदा आली, आणि दोघांपैकी कुणाचाही यात काडीचा दोष नाही. दोष आहे तो एका किताबाचे दोन तुकडे करणाऱ्यांचा. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये बसून या बातम्या वाचताना त्या अधिकच बोचतात, कारण इथल्या मराठी घरांत वाढणारी मुलं ज्या खेळाला कुस्ती समजतात, तो डब्ल्यूडब्ल्यूईचा, पैसे मोजून घरबसल्या पाहायचा खेळ आहे. त्याचा निकाल आधी कचेरीत लिहिला जातो. तरीही किताब म्हणजे काय याची जाण गेल्या काही वर्षांत त्या लिहिलेल्या खेळाने आपल्या खऱ्या खेळापेक्षा जास्त दाखवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्लिनपासून तासाभराच्या वाटेवर, सांता क्लाराच्या लिव्हाय्स स्टेडियमवर २९ मार्च २०१५ ला डब्ल्यूडब्ल्यूईची रेसलमेनिया झाली. ब्रॉक लेस्नर आणि रोमन रेन्स यांची जागतिक किताबाची लढत चालू असताना सेथ रॉलिन्स हा तिसराच मल्ल मध्ये घुसला आणि पट्टा घेऊन गेला. स्टेडियम जल्लोषात बुडालं. कुणाची फसवणूक झाली नाही, कारण प्रेक्षक गोष्ट पाहायला आले होते आणि गोष्ट त्यांना मिळाली. याउलट ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलच्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये ब्रेट हार्टने हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहनच्या हुकमावरून घंटा वाजवली गेली आणि पट्टा शॉन मायकेल्सला दिला गेला. ठरलेल्या गोष्टीतही दगा होऊ शकतो हे त्या रात्री दिसलं, आणि त्या एका घंटेचा राग चाहते अजून विसरलेले नाहीत. निकाल लिहून ठेवणाऱ्या धंद्यात एक खोटी घंटा इतकी वर्षं सलते, तर निकालाच्या सच्चेपणावरच उभ्या असलेल्या कुस्तीत चुकीच्या शिट्टीची जखम किती खोल जाईल?

महाराष्ट्र केसरीची परंपरा या बाबतीत कडक होती. मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये कुस्तीगीर परिषद उभी केली, १९६१ ला औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिला केसरी झाला. त्यापुढची यादी बहुतेकांना पाठ आहे, म्हणून ती उगाळत नाही. दादू चौगुलेंनी १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं गदा राखली आणि २००० मध्ये त्यांच्या मुलाने, विनोदने, ती पुन्हा घरी आणली. इस्माईल, अप्पालाल आणि मुन्नालाल या शेख बंधूंनी १९८०, १९९२ आणि २००२ अशी तीन वेळा ती जिंकली. मला मात्र या यादीतल्या रिकाम्या जागा जास्त बोलक्या वाटतात. १९६३ आणि १९७७ या वर्षांपुढे नाव नाही, 'अनिर्णित' असा शेरा आहे. निर्विवाद विजेता ठरत नसेल तर गदा कुणालाच द्यायची नाही, एवढी धमक तेव्हाच्या परिषदेत होती. शंकेची गदा देण्यापेक्षा वर्ष मोकळं गेलेलं त्यांना चाललं.

ज्या दशकाबद्दल मला खरं बोलायचं आहे ते २०११ ते २०२० चं. नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं गदा जिंकली. तशी तिहेरी कामगिरी त्याआधी कुणी केली नव्हती. त्या काळात 'हा आपला नव्हे' म्हणणाऱ्यांचा एक मोठा घोळका होता, आणि त्यांचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. मुंबईत वाढलेला, तिथेच घडलेला, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलो गटात सुवर्ण जिंकलेला हा पैलवान खुल्या गटात आपल्याहून वजनदार गड्यांना लोळवत होता. १९६६ ला परप्रांतातून आलेल्या दीनानाथ सिंहांना केसरी म्हणून डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राने नरसिंगची जात-पात-प्रांत काढावा, हे आपल्या कुस्तीला शोभलं नाही. पुढे २०१५ मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं, तेव्हा हाच घोळका त्याला 'महाराष्ट्राचा वाघ' म्हणत होता. मग चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी आला आणि त्यानेही २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षं गदा सोडली नाही. सलग सहा वर्षांत दोनच नावं, आणि त्यांच्या निकालांवर कुठे वादाचा धुरळा नाही, कारण ज्याला शंका होती त्याला आखाड्यात उत्तर मिळत होतं.

त्यानंतरची तीन वर्षं तर एखाद्या लेखकाने रचावी तशी घडली, फक्त ती कुणी रचली नव्हती. अभिजित कटके २०१६ च्या अंतिम लढतीत विजयकडून हरला, २०१७ ला भूगावात किरण भगतला हरवून केसरी झाला आणि २०१८ ला जालन्यात बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने त्याला ११-३ असं धुतलं. या स्पर्धेत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. मातीतला पैलवान गादीवर कमी पडतो, ही जुनी तक्रार. मातीतून आलेल्या बालाने ती गादीवरच मोडून काढली. तालमीत मुरलेल्या माणसाला नियमांची भीती वाटत नाही, त्याला भीती वाटते ती नियम कुणासाठी वाकवले जातील याची. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला ३-२ ने हरवलं. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. एका गुणाचा फरक, तरी हरलेल्याच्या मनात किल्मिष नाही. निकालावर दोघांचा विश्वास होता म्हणूनच ते शक्य झालं.

हा विश्वास ढासळायला तीन वर्षं पुरली. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली आणि राज्यात दोन सवतेसुभे उभे राहिले. जानेवारी २०२३ ला पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेच्या डावाला दिलेल्या चार गुणांवरून रण माजलं आणि ती स्पर्धा जिंकणाऱ्या शिवराज राक्षेच्या केसरीपदापेक्षा चर्चा त्या चार गुणांचीच झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराजला काही सेकंदांत अस्मान दाखवलं, आणि त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या स्पर्धेत शिवराज पुन्हा केसरी झाला. महिना एक, केसरी दोन, आणि त्यातला एक दुसऱ्याकडून नुकताच हरलेला. अशा पायावर अहिल्यानगर घडलं. उपांत्य लढतीत पाठ टेकलीच नाही असं शिवराजचं म्हणणं होतं, पण चितपटीचा निकाल फिरला नाही आणि त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत गुणावरून वाद घालत महेंद्र वेळ संपण्याआधीच निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पंचावर पाय उचलणाऱ्याला शिक्षा हवीच. पण ज्या व्यवस्थेत चितपटीसारखा एका क्षणाचा निर्णय सर्वांसमोर पडद्यावर पुन्हा पाहून पक्का केला जात नाही, त्या व्यवस्थेने शिक्षेच्या कागदावर सही करून हात झटकावेत, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, वाद तर पूर्वीही होते. होते, पण तेव्हा वादाचं उत्तर 'अनिर्णित' असं देता येत होतं, आज ते दुसरी स्पर्धा भरवून दिलं जातं. कुणी म्हणेल, राजकारणी पुढारी कुस्तीत पहिल्यापासून आहेत. खरंच आहे, आणि त्यांच्या आश्रयाशिवाय खुराक, तालमी, मैदानं उभी राहिली नसती; शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग बांधलं नसतं तर आपल्या कुस्तीचं नावही वेगळं असतं. आश्रयदाता मैदान देतो, विजेता मात्र मैदानच ठरवतं. सगळ्यांत गोड युक्तिवाद असा, की दोन स्पर्धा म्हणजे दुप्पट पैलवानांना संधी. पण पैलवानाला गदा हवी असते ती एकमेव असते म्हणून. नरसिंग आणि विजय यांना पोलिस दलात उपअधीक्षकपद मिळालं, त्यामागे त्या एकमेव गदेचं वजन होतं. दोन गदांच्या काळात उद्या नोकरीच्या अर्जावर कुठली खरी मानायची? आणि डब्ल्यूडब्ल्यूईतही कधी दोन-दोन जागतिक पट्टे असतात की, असं सांगणाऱ्यांनी ९ डिसेंबर २००१ आठवावा. प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतल्यावर दोन पट्टे हाती आले, तेव्हा त्यांनी सॅन डिएगोच्या व्हेंजन्समध्ये ते एकत्र केले आणि ख्रिस जेरिकोने एकाच रात्री द रॉक आणि स्टीव्ह ऑस्टिन या दोघांना हरवलं. पुढे त्यांनी पट्टे पुन्हा वेगळे केले हेही खरं, पण प्रेक्षकाला तेव्हा दोन गटांचे दोन पट्टे असं उघड सांगितलं. पृथ्वीराज मोहोळ आणि वेताळ शेळके यांची जोड २०२५ मध्ये एकाच आखाड्यात, दोन्हीकडच्या पंचांसमोर का लावली गेली नाही, याचं उत्तर दोन्ही संघटनांनी महाराष्ट्राला अजून द्यायचं आहे.