लष्कराचं हेलिकॉप्टर युद्धनौकेवरून उडवणं इतकं अवघड का असतं?

जून २०११ मध्ये ब्रिटिश लष्कराची अपाचे हेलिकॉप्टर्स लिबियातल्या मोहिमेत उतरली, तीही नौदलाच्या 'एचएमएस ओशन' या युद्धनौकेवरून. मुळात अपाचे बनलं जमिनीवरच्या तळांसाठी. मग समुद्रात अडचण काय येते?

पहिली अडचण डेकची. जहाज पुढे सरकतं, डोलतं, वर-खाली होतं. अशा हलत्या जागेवर पायलटला चाकं टेकवायची असतात, अनेकदा रात्री. उतरल्यावर हेलिकॉप्टर डेकला साखळ्यांनी बांधावं लागतं.

दुसरी जागेची. डेकखालच्या हँगरमध्ये न्यायचं, तर पंख्याची पाती दुमडायला हवीत. ब्रिटिश अपाचेत ती सोय होती. लष्कराच्या प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये ती नसते.

तिसरी खाऱ्या हवेची. मिठामुळे धातू गंजतो, इंजिनात थर साचतो. म्हणून गोड्या पाण्यानं वारंवार धुणं आलं. शिवाय जहाजाच्या शक्तिशाली रडार लहरींपासून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि दारूगोळा जपावा लागतो.

सगळ्यात मोठा धोका पाण्यात पडण्याचा. इंजिन आणि पंखा वरच्या बाजूला असल्यानं हेलिकॉप्टर पटकन उलटं होतं. त्यामुळे पाण्याखालच्या उलट्या कॉकपिटमधून बाहेर कसं पडायचं, हे पायलटला आधी शिकावं लागतं. उड्डाण त्यानंतर.