चुंबकाची टिचकी आणि मेंदूची जागरूकता



आपणांस उजव्या हाताचा अंगठा हलवावयाचा असला, म्हणजे त्याची आज्ञा मेंदूच्या डाव्या अर्धांतून निघते. मेंदूच्या पृष्ठभागावर, एका कानाकडून टाळूखालून दुसऱ्या कानाकडे जाणारा एक पट्टा आहे. ऐच्छिक हालचालींचें तें मुख्य ठाणें होय. १८७० सालीं फ्रिट्श व हिट्झिग या जर्मन शास्त्रज्ञांनीं कुत्र्याच्या उघड्या मेंदूस विजेचा स्पर्श करून असें ठाणें असल्याचें दाखविलें. परंतु जागृत मनुष्याची कवटी न उघडतां ही परीक्षा कशी करावी? १९८० सालीं इंग्लंडांत मर्टन व मॉर्टन यांनीं डोक्याच्या त्वचेवरून विजेचा धक्का देऊन तें साधलें. पण तो धक्का फार वेदनादायक असे.

उपाय सांपडला तो फॅरडेच्या शोधांत. चुंबकीय क्षेत्र बदललें कीं जवळच्या वाहकांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें त्यानें १८३१ सालींच सिद्ध केलें होतें. १९८५ सालीं शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं तांब्याच्या तारेचें वेटोळें डोक्यावर धरून त्यांतून क्षणमात्र प्रबळ प्रवाह सोडला. कवटीची अडचण न होतां मेंदूंत सूक्ष्म प्रवाह उठला, आणि हाताचा स्नायु आखडला. टिचकीपासून आखडण्यापर्यंत काळ लागतो सुमारें सेकंदाचा पन्नासावा भाग.

स्नायु किती जोरानें उत्तर देतो, यावरून मेंदूचा तो भाग किती जागरूक आहे, हें मोजतां येतें. मोठी मौज पुढेंच आहे. अशा टिचक्या वारंवार दिल्या, तर ही जागरूकताच बदलते. १९९७ सालच्या एका प्रयोगांत सेकंदास साधारण एक याप्रमाणें १५ मिनिटें टिचक्या दिल्यावर स्नायूचें उत्तर सुमारें पंचमांशानें घटलें, व यंत्र थांबल्यावरहि कांहीं काळ घटलेलेंच राहिलें. जलद टिचक्यांनीं बहुधा उलट होतें. २००५ सालीं लंडन येथें हुआंग प्रभृतींनीं तीन-तीन टिचक्यांचे झुबके सेकंदास पांच वेळां दिले. ६०० टिचक्या अखंड दिल्या, तर ठाणें तासभर मंदावलें. दोन सेकंद देऊन आठ सेकंद विसांवा, या क्रमानें तितक्याच दिल्या, तर तें अधिक जागृत झालें. संख्या तीच, जोर तोच. भेद काय तो विसांव्याचा! मज्जापेशींमधील सांधे सबळ वा दुर्बळ होत असावेत, असें याचें कारण मानितात.

तर मग अर्धांगवायूनें लुळा पडलेला हात यानें सुधारेल काय? निरोगी अर्ध दुखावलेल्या अर्धास दडपतें, म्हणून निरोगी बाजू शांत करावी, अशी कल्पना होती. अमेरिकेंत १९९ रुग्णांवर तिची कसोटी घेण्यांत आली. २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, हाताच्या व्यायामासोबत खऱ्या टिचक्या मिळालेले व नुसता देखावा केलेले रुग्ण सारखेच सुधारले.

यांत निराश होण्यासारखें कांहीं नाहीं. २०१३ सालीं निरोगी माणसांवरील प्रयोगांतहि दिसून आलें कीं, एकच मात्रा कोणास जागवते, तर कोणास मंदावते. एकच धडा चाळीस मुलांस चाळीस प्रकारें पोंचतो, हें शिक्षकास नवें नाहीं. म्हणून घरांत असा रुग्ण असेल, तर यंत्राच्या जाहिरातीला भुलून हाताचा नित्य व्यायाम सोडूं नये, एवढेंच माझें सांगणें आहे.