‘हे कुठल्या ओळीत दिसलं?’

घरात दहावीचे मूल असले की जूनमध्येच भिंतीवर वेळापत्रक लागते. गणिताला क्लास, विज्ञानाला क्लास, हिंदीला ओळखीच्या एक बाई. इंग्रजीपुढे मात्र बहुतेक घरांत एकच शेरा असतो, ‘वाचून होईल’. मग सहामाहीचा पेपर हातात पडतो. व्याकरण बरे असते, पत्रलेखनही बरे असते. गुण गेलेले असतात ते धड्या-कवितांच्या प्रश्नांत. आपण जाब विचारला की मूल रडकुंडीला येऊन म्हणते, “अगं, गाइडमधलं उत्तर शब्दन् शब्द लिहिलं होतं मी!”

आणि दुखणे नेमके तेच असते.

आमच्या तळोज्यात हे दुखणे घरोघर आहे. फेज एक म्हणा, फेज दोन म्हणा, इथली बरीच कुटुंबे गेल्या पंधरा-वीस वर्षांत आलेली. कुणी डोंबिवली-चेंबूरची भाड्याची खोली सोडून, कुणी साताऱ्याहून-लातूरहून इथल्या एमआयडीसीतल्या नोकरीसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर–पेंधर मेट्रो सुरू झाली आणि मोठी मुले आपली आपण खारघरच्या क्लासला जाऊ लागली. मुले इंग्रजी माध्यमात आणि आया मराठी माध्यमातल्या, हे चित्र नेहमीचे. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्या आपण बहुतेकजणींनी ए-बी-सी-डी गिरवली ती पाचवीत. त्यामुळे आई म्हणते, “रात्री जागेन, कॉफी करून देईन, पण ते लिटरेचर काही मला विचारू नकोस बाई!”

मी वसाहतीतल्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे वाक्य वर्षातून वीसदा तरी कानांवर येते. दर वेळी मला वाटते, की या बाईला तिच्याजवळ काय आहे ते कुणी सांगितलेलेच नाही. कवितेचा अर्थ लावणे हे इंग्रजीचे काम नव्हे. ते नीट पाहण्याचे काम आहे. पाहिलेले सांगता आले, की इंग्रजी मागाहून येते.

आठवा पाहू, आपल्या वेळी मराठीच्या पेपरात काय असायचे? ‘कोण कोणास म्हणाले?’ आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीत जो ‘रेफरन्स टु कॉन्टेक्स्ट’ नावाचा प्रश्न मुलांना घाबरवतो, तो म्हणजे आपले संदर्भासह स्पष्टीकरणच. परकर-पोलक्याऐवजी फ्रॉक घातला, इतकेच! त्या पेपरात ऐंशीपैकी चाळीस गुण साहित्याचे असतात. दहा गुण उताऱ्यांवरच्या प्रश्नांना, अठरा गुण चाळीस-पन्नास शब्दांच्या उत्तरांना आणि बारा गुण शंभर-एकशेवीस शब्दांच्या दोन मोठ्या उत्तरांना. आपल्या एसएससी बोर्डाच्या दहावीच्या इंग्रजीत कवितेचे रसग्रहण पाच गुणांना येते, आणि त्यात शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना हेच विचारतात. मराठीच्या पुस्तकात मुले आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य अशा मथळ्यांखाली जे शिकतात, त्याचीच ही सख्खी बहीण. पण एकाच मुलाच्या डोक्यात दोन्ही विषय शेजारी न बोलणाऱ्या जावांसारखे राहतात. त्यांची ओळख करून द्यायला घरात आईपेक्षा योग्य माणूस कोण?

त्यासाठी आईला एकच प्रश्न यावा लागतो. “बाळा, हे तुला कुठल्या ओळीत दिसलं?”

एक उदाहरण घेऊ. रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची ‘डस्ट ऑफ स्नो’ ही कविता सीबीएसईची मुले दहावीत अनेक वर्षे वाचत आली आहेत. त्याच्या १९२३ सालच्या ‘न्यू हॅम्पशायर’ या संग्रहातली ही कविता. गोष्ट एवढीशी. कवी उदास आहे, झाडाखाली उभा आहे. वरच्या कावळ्याच्या हालचालीने फांदीवरचे भुरभुरीत बर्फ त्याच्या अंगावर पडते आणि त्याचे मन पालटते. संपली कविता!

तळोज्यातल्या मुलाने बर्फ पाहिलेले असते ते फ्रीजमध्ये. पण जुलैत पाऊस थांबल्यावर झाडाखालून जाताना वर कावळा हलला आणि मानेवर थेंबांचा सडा पडला, हे त्याला ठाऊक असते. तेवढे आठवले तरी निम्मी कविता कळते. आता त्याला विचारा, “मग त्या माणसाचं पुढे काय झालं?” दहापैकी आठ मुले सांगतात, “ही बिकेम हॅपी, त्याचा सगळा दिवस आनंदात गेला.” पाठ केलेले उत्तर असते ते. इथे आपला प्रश्न टाकायचा, “सगळा दिवस? कुठल्या ओळीत?” मूल पुस्तक ओढून घेते, बोट ठेवून वाचते आणि थबकते. कारण कवीने सगळा दिवस म्हटलेलेच नाही. ज्या दिवसाबद्दल तो हळहळत होता, त्याचा काही भाग वाचला, एवढेच तो म्हणतो. एवढ्याशा बर्फाने दुःख नाहीसे होत नाही, थोडे हलके होते. हा फरक ज्या मुलाच्या ध्यानात आला, त्याचे उत्तर तपासणाऱ्या बाईंना चाळीस वह्यांतून वेगळे दिसते.

याच कवितेत हेमलॉक नावाचे झाड आहे. अनेक तयार उत्तरांत ‘हेमलॉक हे विषारी झाड, म्हणून ते दुःखाचे प्रतीक’ असे ठोकून दिलेले असते. आता गंमत बघा. सॉक्रेटिसाला ज्या हेमलॉकचे विष दिले ते आपल्या गाजर-कोथिंबिरीच्या कुळातले झुडूप. फ्रॉस्टच्या न्यू हॅम्पशायरकडचा हेमलॉक हा पाइनच्या जातकुळीतला मोठा वृक्ष, आणि तो विषारी नाही. नावातल्या सारखेपणामुळे मनात विषाची सावली येते, असे कुणी म्हटले तर ते पटण्यासारखे आहे. पण ते झाडच विषारी म्हणणे चूक. छापलेले सगळे खरे नसते, हे पंधराव्या वर्षी एका झाडाच्या निमित्ताने समजले तर वाईट काय?

अलंकारांची मुलांना फार धास्ती. खरे म्हणजे सिमिली ती उपमा, मेटॅफर ते रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, अ‍ॅलिटरेशन म्हणजे अनुप्रास. हा तक्ता फ्रिजवर चिकटवला की झाले. पण मुले नाव लिहून थांबतात. ‘यात मेटॅफर आहे’ म्हणणे म्हणजे ‘आमटीत गूळ आहे’ म्हणण्यासारखे. गुळाने आमटीला काय केले ते सांगा ना! कार्ल सँडबर्गची ‘फॉग’ ही अवघ्या सहा ओळींची कविता. तीत धुके मांजरासारखे वागते. मी मुलांना विचारते, मांजरच का? हत्ती का नाही? कुत्रा का नाही? मग उत्तरे येतात. मांजराचा पाय वाजत नाही. ते बोलावल्याशिवाय येते. बसते तेव्हा आपण त्याच्या खिजगणतीत नसतो. आणि मनात येईल तेव्हा उठून जाते. हेच लिहा म्हटले, की अलंकाराचे उत्तर तयार.

एकदा मी मुलांना म्हटले, आता आपल्या तळोज्याचे सांगा. काही रात्री कारखान्यांच्या बाजूने वास येतो आणि आपण खिडक्या लावतो, तो वास कोणते जनावर? एकाने कोल्हा म्हटले. एका मुलीने जे सांगितले ते मला विसरता येत नाही. ती म्हणाली, “घूस. कारण ती रात्रीच येते आणि सकाळी कुणाला सांगितलं तर पुरावा नसतो.” या मुलीला इंग्रजीत पन्नासाच्या वर कधी गुण मिळाले नव्हते.

बहिणाबाई चौधरी कुठल्या शाळेत गेल्या होत्या? पण ओढाळ मनाला पिकात शिरणारे गुरू म्हणून बघण्याची नजर त्यांच्यापाशी होती. आपल्याकडे म्हणी, ओव्या, उखाणे यांच्या रूपाने ही नजर घरात वावरत आली आहे. मुलांना रूपक शिकवायला पुण्या-मुंबईहून कुणाला आणायला नको.

आता जरा नाजूक विषय. रॉबिन क्लाइन या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘अमांडा!’ नावाची कविताही त्याच पुस्तकातली. तीत एक मोठे माणूस, बहुधा आई, मुलीला एकसारखे टोकत असते. नखे खाऊ नकोस, नीट बस, अभ्यास झाला का, खोली आवरलीस का, चॉकलेट खाऊ नकोस. आणि मधूनमधून कंसांत त्या मुलीच्या मनातले चालते. ती जलपरी होते, रस्त्यावर एकटीच भटकणारी अनाथ मुलगी होते, उंच मनोऱ्यातली राजकन्या होते. वाचताना हसू येते आणि मग येईनासे होते.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आईला मी सुचवले, की तुम्ही आईच्या ओळी मोठ्याने वाचा, लेकीला कंसातल्या वाचू द्या. इंग्रजी उच्चार कसेही होऊ देत. बाई आधी लाजल्या. मग वाचू लागल्या आणि तिसऱ्या कडव्याशी म्हणाल्या, “अगं बाई, ही तर मीच!” लेकीने हसून मान खाली घातली. मग त्यांनी तोच आपला प्रश्न विचारला. “हिला अनाथ व्हावंसं का वाटतं गं? कुठल्या ओळीवरून?” मुलगी बराच वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली. म्हणाली, “तिला आई नको असं नाहीये. तिला शांतता हवीये. बघ, त्या रस्त्यावर आवाजच नाही.” पुढे आणखी म्हणाली, “आणि कंस आहेत ना, म्हणजे ती हे बोलतच नाही. आईला कधी कळणारच नाही.”

कंसाच्या खुणेवर एवढे बोलणारी ती मुलगी आदल्या आठवड्यापर्यंत त्याच कवितेचे पाठांतर करत होती, आणि दुसऱ्या ओळीला अडखळत होती. त्या रात्री तिने उत्तर लिहिले ते एकशेदहा शब्दांचे. दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला होता. आईने तो दुरुस्त केला नाही, कारण तिला तो कळला नाही. फार बरे झाले! व्याकरण शाळेतल्या बाई बघतील. मूल विचार करत असताना मध्येच स्पेलिंग काढले, की विचार पळून जातो.

घरी हे कसे करावे, तर बोलणे मराठीत होऊ द्यावे आणि लिहिणे इंग्रजीत. मूल जे म्हणेल ते आधी ऐकून घ्यावे. आपल्या मताशी जुळले नाही तरी चालेल, ओळ दाखवता आली म्हणजे पुरे. उत्तर लिहिताना त्या ओळीतले दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत घ्यायचे आणि त्या शब्दांनी काय साधले ते पुढे एका वाक्यात सांगायचे. गुण त्या पुढच्या वाक्याला असतात. आणि कवीचा जन्म-मृत्यू, ‘ही अत्यंत सुंदर कविता आहे’ वगैरे पाहुणचार चाळीस शब्दांच्या उत्तरात परवडत नाही.

शेक्सपिअरचे नाटक नेमलेले असले तर भिऊ नये. त्याच्याशी मराठी माणसाचा घरोबा जुना आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. शिरवाडकरांचा १९७० चा ‘नटसम्राट’ पाहताना ज्यांनी डोळे पुसले, त्यांना म्हाताऱ्या लिअर राजाचे दुःख शब्दकोशावाचून कळते. मुलाला आधी गोष्ट मराठीत सांगा, भांडण कुणाचे नि कशावरून ते सांगा. मग ती जुनी भाषा तेवढी आडवी येत नाही.

हल्ली मोबाइलला विचारले तर तो अर्ध्या मिनिटात गुळगुळीत उत्तर देतो. मुले ते उतरवून घेतात आणि आपल्यालाही ते बरे वाटते, कारण इंग्रजी छान असते. पण सीबीएसईने दहावीच्या पेपरात निम्मे प्रश्न समज आणि उपयोजन तपासणारे ठेवले आहेत. प्रश्न जरा फिरवून आला, की उतरवलेले उत्तर निरुपयोगी होते. असे उत्तर घरात दिसले तर रागावू नका. त्यातले एक वाक्य निवडा आणि विचारा, “हे कुठल्या ओळीत आहे, दाखव बरं.” मोबाइलने ते कवितेबाहेरचे आणले असेल तर मुलालाच सापडेल, आणि त्याला त्यात मोठी मौज वाटते.

आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. टेबल-खुर्ची मांडून बसण्याचीही गरज नाही. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना हे बोलणे उलट जास्त चांगले होते, कारण समोरासमोर बघायचे नसते आणि या वयाची मुले नजर चुकवून बरेच काही सांगतात. सुरुवात छोट्या कवितेपासून करा. ‘डस्ट ऑफ स्नो’ आठच ओळींची आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत सावकाश दोनदा वाचून होते.