स्वस्त कुठं मिळतं?

महिन्याचा बाजार करायला आपल्यातले बरेच जण छत्रपती संभाजीनगरला जातात. जुन्या मोंढ्यात किराण्याची ठोक दुकानं आहेत. शहरात आता मोठी दुकानंही झाली आहेत. तिथं माल आपल्या हातानं उचलायचा आणि जाताना पैसे द्यायचे. शिवाय गावात आपलं नेहमीचं दुकान आहेच. मग माल घ्यावा कुठं?

तेलाचंच बघू. भाव आम्ही हिशोबापुरते धरतो. दोन पाकिटं शेजारी ठेवली, तर दिसायला सारखीच. एक 120 रुपयांचं, दुसरं 137 चं. आपला हात पहिल्याकडं जातो. पण पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. वाचता येतं ना आता! पहिल्यात तेल आहे 750 ग्रॅम, दुसऱ्यात 910 ग्रॅम. पहिलं तेल 100 ग्रॅमला 16 रुपयांनी पडलं, दुसरं 15 नं. महाग दिसलं तेच स्वस्त निघालं.

डबा घेताना तर फारच जपावं. 15 लिटर आणि 15 किलो एक नव्हे, बरं का. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल वजनाला सुमारे 910 ग्रॅम भरतं. म्हणून 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वरच तेल असतं.

पाकिटावर छापलेली किंमत ही जास्तीत जास्त किंमत. कर त्यातच आला. त्यावर एक रुपयाही कुणाला मागता येत नाही. कमी मात्र घेता येतो. तेव्हा 'सूट' वाचून भुलू नये. तेच पाकीट दुसरीकडं कितीला आहे ते विचारावं. जास्त मागितले तर 1915 या सरकारी नंबरावर तक्रार करता येते.

डाळ सुटी मिळाली तर मूठभर हातावर घ्यावी. खडे, किडे, कुबट वास बघावा. मोजताना काटा शून्यावर आहे ना, तेही बघावं. बंद पाकिटातली डाळ अशी चाखता-हुंगता येत नाही. त्यावरची तारीख तरी वाचावी.

आता एसटीचं भाडं धरा. शहरात 60 रुपये वाचले आणि जाण्यायेण्याला 80 लागले, तर काय कमावलं? वर रोजही बुडाला. चार घरांनी मिळून एकाला पाठवलं, तर हिशोब जमतो.

गावचा दुकानदार दोन रुपये जास्त घेतो, हे खरं. पण पेरणीच्या दिवसांत उधार तोच देतो. त्याला रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा विचारावा. मग त्या उधारीचे आपण किती मोजतो, ते कळतं.