जुळ्या डिस्का

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत माझी तीस वर्षे गेली. ओतकाम फसले, तरी पॅटर्न शाबूत असला म्हणजे पुन्हा ओतता येते, हे तिथले पहिले शहाणपण. घरी मात्र मी ते विसरलो!

आईच्या ओव्या, मुलीचे लग्न, सारे एका जुन्या संगणकावर साठवून आम्ही टीव्हीवर पाहात असू. डिस्क आज ना उद्या बिघडणारच. म्हणून चार-चार टेराबाइटच्या दोन घेतल्या आणि लिनक्समधल्या 'एमडीअ‍ॅडम'ने त्यांची जोडी जमविली. हिला म्हणतात रेड १. जे लिहावे ते दोन्हींवर उमटते. जागा मात्र चारच टेराबाइट. तीन डिस्कांच्या रेड ५ मध्ये आठ मिळते. पण मला साधेपणा बरा वाटला. पुढे एक डिस्क गेली. नवी बसविली, रातोरात जोडी पूर्ववत्!

मी मिशीवर ताव दिला, तोच नातवाने चुकून ओव्यांचा कप्पा पुसला. दोन्ही डिस्कांवरून, एकदमच! आरसाच तो, खोडलेलेही इमानाने दाखविणार.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले होते. त्या धास्तीने एक प्रत मी पुण्याला बहिणीकडे ठेवली होती. तिच्यामुळेच आईचा आवाज पुन्हा घरात आला.

वाचकहो, जोडी जरूर जमवा. पण पॅटर्न दुसऱ्या गावी ठेवा.