कातिबाची लेखणी आणि कथेची गती

फारसी सचित्र हस्तलिखितांचा विषय निघाला की चित्रकारांची नावे प्रथम पुढे येतात. परंतु इराणमधील दरबारी किताबखान्यांत पानावर पहिला अधिकार असे तो कातिबाचा, म्हणजे हस्तलिखित लिहिणाऱ्याचा. चित्रासाठी जागा मोकळी सोडून तो मजकूर लिहून काढी आणि त्यानंतरच ते पान चित्रकाराच्या हाती जाई.

लेखनापूर्वीची सिद्धताही परिश्रमाची होती. कागदाला खळ देऊन तो अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटीत. पुठ्ठ्यावर ताणून बसविलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे मिस्तरावर, कागद दाबला की ओळींच्या पुसट खुणा उमटत. काजळी व डिंक यांची शाई आणि तिरकस छाटलेला बोरू एवढ्या साधनांवर लेखन चाले. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका हेच अक्षरांच्या प्रमाणाचे माप असे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूपास आलेली नस्तालीक ही लिपिशैली काव्यलेखनासाठी विशेष मान्यता पावली. तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे किंचित उतरत जातात आणि काही अक्षरे लांबवर ताणता येतात. या लवचिकपणाचा कथनाला मोठा उपयोग झाला. फिर्दौसीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’सारख्या काव्याच्या ओळी पानावर स्तंभांत मांडलेल्या असत. ज्या प्रसंगाचे चित्र, त्याच प्रसंगाची द्विपदी चित्रालगत यावी, असा प्रयत्न असे. ती द्विपदी चित्राच्या पानापर्यंत लवकर पोहोचेल असे दिसल्यास कातिब आधीच्या पानांवर काही ओळी तिरप्या लिही. तिरप्या ओळींना जागा अधिक लागते. त्यामुळे मजकूर लांबे आणि वाचक योग्य क्षणी चित्रासमोर येई. अशा रीतीने कथेची गती कातिबाच्या हाती राही.

ही परंपरा भारतात आली ती मीर सय्यद अली व अब्दुस्समद यांच्यासारख्या इराणी कलावंतांबरोबर. त्यांच्या देखरेखीखाली अकबराच्या कारकिर्दीत ‘हम्जानामा’ची सुमारे १,४०० भव्य चित्रे तयार झाली. येथे मजकूर पानाच्या एका बाजूस व चित्र दुसऱ्या बाजूस आले. दरबारात चित्र दाखवीत कथा मोठ्याने वाचता यावी, यासाठी ही योजना असावी असे मानले जाते. आज या ग्रंथाची दोनशेहून कमी चित्रे उरली आहेत.

शाह तहमास्पच्या ‘शाहनामा’चा इतिहास याहून बोलका आहे. सोळाव्या शतकात तब्रीझ येथे सिद्ध झालेल्या या प्रतीत २५८ चित्रे होती. १५६८ मध्ये ती उस्मानी सुलतान दुसरा सलीम यास नजर करण्यात आली. १९५९ मध्ये ती आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाच्या हाती गेली आणि १९७० नंतरच्या वर्षांत तिची चित्रांकित पाने सुटी होऊन अनेक ठिकाणी विखुरली. उरलेली ११८ चित्रे, मजकुराची पाने व बांधणी १९९४ मध्ये एका आधुनिक चित्राच्या मोबदल्यात इराणला परत मिळाली.

२०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सर्व २५८ चित्रांच्या प्रतिकृती एका ग्रंथात प्रसिद्ध केल्या. चित्रे अशी एकत्र आली. परंतु एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत वाचकाला नेणारी कातिबाची पाने त्यांच्या मध्ये नाहीत. सुटे चित्र पाहणाऱ्याला रंगांचे वैभव दिसते. त्या चित्रासाठी वाचकाला किती थांबविले होते, हे मात्र त्याला कळत नाही.