घाम मोजणारी पट्टी : उपयोग व मर्यादा
स्वेद हा मेदोधातूचा मल. प्रमेहाच्या पूर्वरूपांतही त्याचा उल्लेख येतो. आता त्वचेवर चिकटविलेली संवेदक पट्टी सुई न टोचता घामातील क्लोराइड मोजते. धाराशिवच्या उन्हात राबणाऱ्यांच्या शरीरातून किती क्षार गेले, याचा अंदाज तिच्याने येऊ शकतो. मात्र घामातील साखर रक्तातील साखरेच्या मानाने अत्यल्प असते आणि घामाच्या वेगानुसार बदलते. सुईविना रक्तशर्करा दाखविणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन अधिक घेतले गेल्यास रुग्णाच्या प्राणांवर बेतू शकते. म्हणून वैद्यवर्गाने व औषधविक्रेत्यांनी मधुमेही रुग्णास रक्ततपासणीचाच आग्रह धरावा.